तांडेलाचं वजन

मृणालीने वजनकाटा घरात आणला त्या दिवसापासून सासरा तिच्याशी बोलायला लागला. त्याआधी चार वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

लग्नालाही आला नव्हता. आपल्या एकुलत्या मुलाने, राकेशने, मिरजोळ्याच्या बौद्ध घरातली मुलगी केली हे दत्ताराम तांडेलाला कळलं तेव्हा त्याने आरडाओरडा केला नाही, कोणाच्या अंगावर धावून गेला नाही. लग्नाच्या दिवशी बोट घेऊन समुद्रात गेला आणि मासळी नसतानाही बाहेरच राहिला. सासू, शालन, तेवढी हॉलवर आली. मागच्या खुर्चीत बसून तिने डोळे पुसले, जेवली, सुनेच्या हातात बांगड्या घातल्या आणि रिक्षा करून परत गेली. पुढे राकेश बायकोला घेऊन पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याकडच्या उतारावरच्या बापाच्या घरात राहायला आला, कारण वरचा मजला त्याच्यासाठीच बांधलेला होता. दत्तारामने त्यांना हाकललं नाही. सून आपल्याला दिसत नाही, एवढंच त्याने ठरवून टाकलं. ती समोर उभी असायची आणि तो म्हणायचा, "शालन, त्यांना सांग, पाण्याची मोटर बंद करा." मृणाली रांधायची, शालन वाढायची. ताट सुनेच्या हातून आलं असतं तर तो उठून गेला असता. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

मृणाली शिक्षिका होती. भाट्याचा पूल ओलांडला की पावसच्या रस्त्याला तिची शाळा. वर्गातल्या पोरांना ती नुसत्या नजरेने गप्प करायची आणि घरी येऊन या एका माणसापुढे आपणच गप्प व्हायची. भांडण तिला नको होतं असं नाही. पण भांडायला समोरच्याने आधी तोंड उघडावं लागतं.

मग दत्तारामचे गुडघे गेले. जन्मभर हलत्या फळ्यांवर उभं राहिलेला माणूस. दोन्ही गुडघ्यांतलं वंगण संपलं होतं. बोट भाच्याच्या ताब्यात द्यावी लागली, मिरकरवाड्याच्या जेटीवर जाणं बंद झालं. हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं, "वाट्या बदलाव्या लागतील. पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. शंभराच्या खाली या, मग बघू."

त्या दिवशी दवाखान्यात प्रश्न विचारणारी एकटी मृणालीच होती. राकेश बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर, दिवसभर माणसांवर ओरडायचा, पण बापापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शालनने नवऱ्याला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे आहार सांगणाऱ्या बाईने सगळं समजावलं ते सुनेलाच. भात निम्मा, खोबरं जवळजवळ बंद, तळण पूर्ण बंद. "आणि वजन आठवड्यातून एकदाच करा," बाई म्हणाल्या. "ठरलेला वार, सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. रोज काट्यावर उभे राहू देऊ नका. अर्धा किलो, किलो रोज इकडचं तिकडे होतं. माणूस उगाच हरखतो, नाहीतर हात टेकतो."

मृणालीने रविवार ठरवला. पडवीत सपाट फरशी बघून काटा ठेवला. दत्ताराम लोखंडी ग्रीलला धरून त्यावर चढला. पोटाच्या पलीकडचं त्याला काही दिसेना. मृणाली वाकली आणि तिने आकडा वाचला.

"एकशे आठ."

तिने तो जरा मोठ्यानेच वाचला. मुद्दाम वाचला. शेजारच्या अंगणात सदू म्हसकर दात घासत उभा होता. तो मासळीचा व्यापारी, जेटीवर दत्तारामच्या मांडीला मांडी लावून बसलेला. त्याने मान वळवून इकडे बघितलं.

"हळू बोल," दत्ताराम म्हणाला. "लिलाव लावलायस काय माझा?"

चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य. काटा उचलून आत नेताना मृणालीला हसू आवरेना, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं, हे तिचं तिलाही कळत होतं.

पावसाळ्याचे दिवस. मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. अशा दिवसांत या घरात उन्हाळ्यात खारवून ठेवलेला सुका बांगडा आणि सुकट यांवरच भागायचं. मृणालीने विचार केला, तेल नको, खोबरं नको, मग हे बरंच झालं. विस्तवावर बांगडा भाजायचा, अर्धी भाकरी, वाटीभर आमटी. दत्तारामला खारं आवडायचंच. ताटात बांगडा दिसला की त्याची कुरकुर कमी व्हायची. रविवारमागून रविवार काटा खाली येत गेला. एकशे सहा, एकशे पाच. मग त्याला त्याचा नाद लागला.

आता तो रोज चढायला लागला. संडासला जाऊन आला की एकदा, चहा झाला की एकदा, आंघोळीच्या आधी आणि आंघोळीनंतर. शालन चष्मा शोधत यायची आणि आकडा वाचायची. दोनशे ग्रॅम उतरले तर तो अख्खी भाकरी मागायचा. तीनशे ग्रॅम चढले तर ताट सरकवायचा.

"काय घातलंस आमटीत?"

"डाळ घातली, अण्णा."

"काल एकशे चार होतं. आज एकशे चार चारशे. रातोरात चारशे ग्रॅम आले कुठून? आभाळातून पडले?"

"म्हणून सांगते रोज करू नका. आठवड्याने बघायचं असतं."

"माझं वजन. मी वाटलं तर तासाला करीन. तू कोण सांगणारी?"

"मी कोण ते तुम्हाला अजून कळलं नसेल तर आकडा कळून काय उपयोग?"

शालन मध्ये पडायची, कुकरची शिटी झाली म्हणून सुनेला आत पाठवायची. रात्री राकेश म्हणायचा, "तू कशाला उत्तरं देतेस? म्हातारा माणूस आहे." मृणाली म्हणायची, "मला उत्तर द्यायला मिळतंय हेच नवीन आहे, राकेश. ते तरी ठेव."

एकदा दत्तारामने सदूकडून वीस-वीस किलोची दोन लोखंडी वजनं मागवली. सून काटा सरकवते, खाली काहीतरी घालते, असा त्याचा संशय होता. सदूने धापा टाकत वजनं काट्यावर ठेवली. चाळीस बरोबर चाळीस दाखवले.

"काटा खरा हाय," दत्ताराम म्हणाला. "म्हंजे माणूस खोटा."

सदू हसला. मृणाली दारात उभी होती. तिची कानशिलं तापली, पण शेजाऱ्यासमोर ती बोलली नाही.

बोलणं झालं ते पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी तिने भाताचा डबा वर ठेवून दिला होता. दत्तारामने ताटाकडे बघितलं, मग पहिल्यांदाच सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "आम्ही खाऊनपिऊन वाढलेली माणसं. उपाशी कसं राहायचं ते तुमच्याकडंच ठाऊक."

शालनच्या हातातली पळी तशीच राहिली.

"ठाऊक होतं, अण्णा," मृणाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "माझ्या आजीला चांगलंच ठाऊक होतं. तुमच्यासारख्यांच्या दारात ताटकळून शिकली होती ती. तुम्हाला आयता शिकवतेय, तर शिका."

ती उठली, पडवीतला काटा उचलला, वरच्या मजल्यावर नेला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकली. खाली येऊन म्हणाली, "रविवारी मिळेल. आठवड्यातून एकदा. डॉक्टरांकडे तसंच सांगितलंय, हवं तर विचारा."

खोटं त्यात काहीच नव्हतं. नियम बरोबर होता, वार बरोबर होता. फक्त कुलूप लावताना तिच्या डोक्यात नियम नव्हता.

त्या रविवारी काटा एकशे तीनवर आला. दत्ताराम खाली उतरला आणि खुर्चीत जाऊन बसला. काटा पुन्हा कपाटात गेला.

सोमवारपासून त्याने कुरकुर सुरू केली. वजन वाढतंय, मला समजतंय. लेंग्याची नाडी काचतेय, चपलेत पाय जात नाय. मृणाली शाळेची बॅग भरत ऐकायची. "मग दुपारी डबे उघडणं बंद करा," ती म्हणायची आणि स्कूटरला किक मारायची.

बुधवारी ती शाळेतून परत आली तर दत्ताराम पडवीत वाट बघतच बसला होता. शालन बाजूला उभी होती, कावरीबावरी. त्याने त्या दिवशी बायकोला घेऊन रिक्षाने सदूचं गोदाम गाठलं होतं आणि मासळीच्या मोठ्या काट्यावर उभा राहून आला होता.

"एकशे सहा," तो म्हणाला. "रविवारपासून तीन किलो."

मृणालीने हेल्मेट काढलं. तिला खरोखरच हसू आलं. "टोपल्यांच्या काट्यावर? बर्फाचं पाणी साचलेलं असतं त्यावर."

"सदूने पुसून घेतला."

"बरं. मग काय खाल्लंत तेवढं सांगा."

"काय खाल्लं नाय. तू देतेस तेवढंच."

"तीन किलो हवा खाऊन येत नाहीत, अण्णा."

"शालनला विचार."

"आई तुमच्याविरुद्ध कधी बोलल्यात?"

दत्ताराम खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला गेला. अर्ध्यात थांबला, परत बसला आणि बराच वेळ श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "मी खोटं बोलत नाय. काटा दे. तुझ्यासमोर चढतो."

भीक मागितल्यासारखं तो बोलला नव्हता. पण चार वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं होतं ते हे पहिलंच. आणि मृणालीला ते द्यायचं नव्हतं.

"रविवारी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शालन तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात आली. "गो, त्यांना आडवं झालं की घाबरं होतं. खुर्चीतच झोपतात दोन दिवस." मृणाली पोळ्या लाटत होती. "भरपेट खाऊन आडवं झालं की होतंच तसं," ती म्हणाली.

शुक्रवारी पाऊस नुसता कोसळत होता. जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर झाली म्हणून मृणाली जरा आरामात खाली उतरली. जिन्यावरच तिला आवाज ऐकू आला. उकळत्या पाण्यातून बुडबुडे यावेत तसा. दत्ताराम पडवीत ग्रील दोन्ही हातांनी धरून बसला होता, तोंड उघडं, ओठ काळपट, बनियन घामाने भिजलेली. शालन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि देवाचं नाव घेत होती.

त्याने सुनेकडे बघितलं. दोन श्वासांच्या मध्ये कसंबसं म्हणाला, "काटा... आण."

मृणाली त्याच्या पायाशी बसली. ते पाय तिने खरं तर त्या क्षणी पहिल्यांदा बघितले. घोटे दिसतच नव्हते. तिने नडगीवर अंगठा दाबला. अंगठा आत रुतला आणि काढल्यावर खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा.

तिने राकेशला फोन लावला, मग सदूला हाक मारली. सदूने आपला टेम्पो उंबरठ्याला आणून लावला. भर पावसात मृणालीने, सदूने आणि शालनने मिळून दत्तारामला कसंबसं वर चढवलं. त्याचा एक हात मृणालीच्या खांद्यावर होता. तो त्याने काढून घेतला नाही. काढायची ताकदच नव्हती.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टरीण बाई चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी छातीवर नळी लावली, पाय दाबून बघितले आणि विचारलं, "सूज कधीपासून? वजन किती दिवसांत वाढलं?"

राकेशने बायकोकडे बघितलं. पलंगावर दत्तारामने नाकातोंडावरचा मास्क बाजूला ओढला.

"हिला... विचारा," तो म्हणाला. "माझा काटा... कपाटात घातलाय हिने."

डॉक्टरांनी मास्क परत बसवला. मग त्या मृणालीकडे वळल्या.

"रविवारी एकशे तीन होतं," मृणाली म्हणाली. "बुधवारी ते सांगत होते, एकशे सहा झालंय म्हणून. मला वाटलं, चोरून खातात."

"तीन दिवसांत खाऊन तीन किलो चरबी चढते का कधी? हे पाणी आहे. हृदय थकलंय त्यांचं, अंगात पाणी साठतंय, फुप्फुसात गेलंय. बुधवारी आणलं असतं तर एवढी पाळी आली नसती." त्या लिहायला लागल्या. "दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत?"

"नाही," मृणाली म्हणाली.

"हो," राकेश म्हणाला.

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. राकेश जमिनीकडे बघत होता. गुडघे दुखतात म्हणून तो मेडिकलमधून बापाला गोळ्या आणून देत होता. आधी एक, मग दिवसाला तीन. घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

"त्या बंद. आजपासून एकही नाही. पाणी धरून ठेवतात त्या. आणि मीठ? लोणचं, पापड, सुकी मासळी?"

मृणालीच म्हणाली, "खारा बांगडा. रोज. तेल लागत नाही म्हणून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाही. मीच."

बाहेरच्या बाकावर भांडण झालं. राकेश म्हणाला, "तू काटा कुलपात घातलास." मृणाली म्हणाली, "आणि तू गोळ्या खिशात घातल्यास. निदान माझं कुलूप सगळ्यांना दिसत होतं." राकेश म्हणाला, "त्यांना चालता यावं म्हणून मी..." "मग मीही त्यांना चालता यावं म्हणूनच!" ती ओरडली, आणि ओरडताना तिला ठाऊक होतं की ते पूर्ण खरं नाही. औषधाच्या खिडकीवरची माणसं बघायला लागली. शालन उठून सुनेसमोर उभी राहिली. आयुष्यात तिने कोणावर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"गुरुवारी मी तुला सांगितलं होतं गो," ती म्हणाली. "त्यांचं नाय ऐकलंस ते समजलं मला. त्यांनी तुला कमी छळलेलं नाय. पण माझं का नाय ऐकलंस? मी तुझं काय वाईट केलं होतं?"

मृणाली औषधाच्या खिडकीपाशी रांगेत जाऊन उभी राहिली.

औषधांनी पाणी उतरलं. दत्ताराम उठून बसायला लागला तेव्हा मृणाली त्याच्या पलंगाशी गेली. पाठ करून आल्यासारखं म्हणाली, "अण्णा, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होतात."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. "कळलं ना? जा मग."

घरी सोडताना डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं. यापुढे वजन रोज. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत.

"आहाराच्या बाईंनी आठवड्यातून एकदाच सांगितलं होतं," मृणालीला राहवलं नाही.

"चरबी उतरवायची असेल तर त्यांचं बरोबरच आहे. ती सावकाश जाते, रोज बघून काही कळत नाही. पण ह्यांचं आपण आता चरबीसाठी बघत नाही. पाण्यासाठी बघतोय. एका दिवसात किलोभर चढलं, किंवा चार दिवसांत दोन, तर मला फोन. रविवारची वाट बघायची नाही." शेवटचं वाक्य त्या मृणालीकडे बघून म्हणाल्या नव्हत्या, तरी ते तिला लागलं.

"आणि गुडघे?" दत्तारामने विचारलं.

"आधी हृदय, मग गुडघे."

घरी आल्या आल्या पडवीत बसून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या काट्याला तिने हात लावायचा नाय." राकेश म्हणाला, "बरं." एवढंच म्हणाला, पण मृणालीने ते ऐकलं आणि संध्याकाळी दोन पिशव्या भरून ती मिरजोळ्याला आईकडे निघून गेली. राकेश दारापर्यंत आला. "किती दिवस?" त्याने विचारलं. "तुझी जीभ सुटेपर्यंत," ती म्हणाली.

माहेरी आईने काही विचारलं नाही. सकाळी ती अंगणवाडीत जायच्या गडबडीत होती, मृणाली चहा गाळत होती, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"शंभर सहाशे," पलीकडून आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"कोण काय कोण? वजन हाय." फोन बंद.

मृणाली फोनकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा वाजला. "शंभर पाचशे." बंद. तिसऱ्या दिवशी आकड्याच्या आधी एकदा खाकरणं ऐकू आलं, बाकी तेच. मग तिने राकेशला फोन करून विचारलं, हा काय प्रकार आहे.

राकेश कारखान्यात होता, मागे बर्फ फोडण्याचा आवाज येत होता. "मी म्हटलं त्यांना, मला सांगा. म्हणाले, तू लपवणारा. आईला म्हणाले, तू घाबरून कमीच सांगशील. मग स्वतःच तुझा नंबर मागितला माझ्याकडे."

"पण मला का?"

"सांगू का? म्हणाले, तिला माझं वजन वाढलेलंच बघायचंय. वाढलं तर ती कधी झाकणार नाय."

मृणालीला रागही आला आणि त्या म्हाताऱ्याची अक्कलही मान्य करावी लागली. तिने नंबर सेव्ह केला. नाव काय द्यावं ते कळेना, म्हणून "अण्णा" एवढंच लिहिलं.

आठवडा गेला असेल. गणपतीच्या तयारीसाठी शाळेत लवकर जायचं होतं, ती स्कूटरपाशी होती तेव्हा फोन आला.

"एकशे एक आठशे."

पुढे फोन बंद झाला नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"काल शंभर चारशे होतं," मृणाली म्हणाली.

"ठाऊक हाय मला."

काय खाल्लंत, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. "आईंना सांगा, नडगीवर अंगठा दाबून बघायला. मी थांबते."

पलीकडे खुर्ची सरकली. शालनचं पुटपुटणं ऐकू आलं. मग दत्ताराम म्हणाला, "खड्डा राहतोय म्हणते."

"मी डॉक्टरांना फोन करते. शर्ट घालून बसा. येते."

"तू कशाला? राकेशला पाठव."

"राकेश पहिल्या पाळीला असतो. मी येते, नाहीतर सदूच्या टेम्पोत बसा आणि सगळ्या मिरकरवाड्याला तमाशा दाखवा."

"तुझे उपकार नको मला."

"उपकार नाहीत करत. तुम्हीच आकडा सांगितलात ना? मग आता ऐका."

पलीकडे त्याने एक कचकचीत शिवी हासडली. तिच्या नावाने की स्वतःच्या पायांच्या, ते कळलं नाही. फोन बंद झाला.

मृणालीने हेडबाईंना निरोप टाकला आणि स्कूटर घेऊन निघाली. वाटेत डॉक्टरांशी बोलणं झालं. ती पोचली तेव्हा दत्ताराम पडवीत तयार होऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, रिपोर्टची पिशवी मांडीवर. उतारावर रिक्षा आणून उभी करून तिने हात पुढे केला. तो त्याने धरला नाही. शालनचा खांदा धरून, एकेक पायरी शिव्या घालत, तो उतरला.

रिक्षात शालन मध्ये बसली. भाजीबाजार गेल्यावर दत्ताराम रस्त्याकडे बघतच म्हणाला, "काय खाल्लं ते विचारलं नायस."

"नाही."

"पापड. भाच्याकडे बारशाला गेलो होतो. चार खाल्ले."

"बरं."

"चारच खाल्ले."

"मी काही म्हटलं का?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या," तो म्हणाला, आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवत नाहीस म्हणून दम भरायला लागला.

डॉक्टरांनी गोळी वाढवली, दोन दिवसांनी परत बोलावलं. ॲडमिट करावं लागलं नाही. मृणालीने दोघांना घरी सोडलं. शालनने चहा ठेवते म्हटलं, तर तिने शाळा आहे म्हणून सांगितलं आणि स्कूटर वळवली. त्या घरात ती परत राहायला गेली ती गणपती होऊन गेल्यावर, राकेश मिरजोळ्याला येऊन, यापुढे बापासमोर गप्प बसणार नाही, हे तिच्या आईसमोर नीट बोलला तेव्हा. दत्ताराम त्यावर बरं म्हणाला नाही की वाईट. काटा पडवीतच असतो. सकाळी तो चढतो, शालन चष्मा लावून आकडा वाचते, आणि मृणाली वरच्या मजल्यावर असली तरी तिचा फोन वाजतो.